बघून येणाऱ्याला पदक नाही

सैन्यात माणसं दोनच तऱ्हेची, असं आमचे आप्पा म्हणतात: चालणारी आणि बसून जाणारी. आप्पा म्हणजे माझे थोरले भाऊ. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि हवालदार होऊन घरी आले. मी त्यांच्यामागून आर्मर्ड कोरमध्ये, म्हणजे रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये गेलो आणि नायब रिसालदार म्हणून पेन्शनवर आलो. त्यातली बरीच वर्षं मी रणगाड्यात नव्हतो, रेजिमेंटच्या रेकी ट्रूपमध्ये होतो. रणगाड्यांच्या पुढं हलक्या गाड्यांतून जायचं, वाट बघायची, शत्रू बघायचा आणि पाहिलेलं मागं कळवायचं, एवढंच आमचं काम. गावात मला सगळे सुभेदार म्हणतात. रिसालदार हा काय हुद्दा असतो हे समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडला.

आमच्या घरातला हा वाद बांधाच्या भांडणासारखा आहे, मिटत नाही. आप्पांचं म्हणणं, ‘आरं, तुला बुडाखाली गाडी हुती. आम्ही पाठीवर घर घिऊन डोंगर चढलो.’ मी म्हणतो, ‘आप्पा, तुमच्या डाव्या-उजव्या हाताला माणूस होता. माझ्या पुढं कुणी नव्हतं आणि मागं वाळू होती.’ दोघंही खरं बोलतो. पण अग्निपथचे पंचवीस टक्के, ड्रोन, भैरव बटालियन हे सगळं हल्ली पेपरात वाचतो तेव्हा वाटतं, आमच्या ओट्यावरचा हा वाद जरा बाहेर आणावा.

विट्याजवळच्या एका मैदानावर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटर मारतात. मी तिथं घड्याळ घेऊन उभा असतो. पोरं विचारतात, ‘साहेब, इन्फंट्री बरी का टँक?’ प्रश्नामागचा प्रश्न मला कळतो: पळणं कुठं कमी, जीव कुठं सलामत. शेवटी कुठं जायचं हे बहुतेक वेळा जागांवर ठरतं, ते त्यांनाही ठाऊक असतं. पण रेकीबद्दल आजवर एकानंही विचारलेलं नाही. असं काही काम असतं हेच त्यांना माहीत नाही. त्यांनी पाहिलेल्या सिनेमांत, ऐकलेल्या पोवाड्यांत, शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकांत सैनिक म्हणजे लढणारा. जो शत्रूच्या जवळ जातो, त्याला बघतो आणि गोळी न झाडता परत येतो, तो सैनिक आपल्या डोक्यात बसतच नाही. माझं भांडण या समजाशी आहे. त्यामुळं कौतुक हुकतं, ते एक वेळ चालेल. पण माणसं निवडताना आणि काढताना नजर हुकली तर पुढच्या लढाईत तिची किंमत मोजावी लागते.

आधी आप्पांचं ऋण मानतो. इन्फंट्रीचं आयुष्य शरीरावर लिहिलेलं असतं. पिठ्ठू, रायफल, गोळ्या, पाणी, वर शिधा. हे सगळं घेऊन काश्मीरच्या धारेवर चढायचं आणि वर पोचल्यावर दम खायच्या आधी मोर्चा खणायचा. रात्री अँबुशला पडायचं, पहाटे स्टँड-टू. आप्पांचे गुडघे आता देवघरातल्या पाटावर बसू देत नाहीत. मात्र त्यांच्याकडं एक गोष्ट होती जी मला कधी मिळाली नाही: पलटण. मराठा बटालियन म्हणजे उभ्या महाराष्ट्राचं एक गाव. भोवताली सगळी मराठी माणसं, गणपती बसणार, शिवजयंती होणार, लंगरमध्ये कुणीतरी झणझणीत रस्सा करणार. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हटलं की शंभर गळे एकदम उठतात. यशवंत घाडगे, नामदेव जाधव ही नावं तिथं भिंतीवरच्या फोटोंत राहत नाहीत, रिक्रुटाच्या तोंडी असतात. दोघांनाही दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा पलटणीत माणूस एकटा पडू शकत नाही. भीती वाटली तरी ती वाटून घेता येते.

मी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोर सेंटरमध्ये शिकलो. ड्रायव्हिंग, गनरी, वायरलेस. खारे-कर्जुन्याच्या रेंजवर पहिला गोळा सुटला तेव्हा आपण कुणीतरी झालो असं वाटलं होतं. पुढं जी रेजिमेंट मिळाली ती मिश्र. पंजाबी, राजस्थानी, तमिळ, बिहारी, आणि मधे मी. मंदिर, गुरुद्वारा, मशीद, चर्च एकाच छपराखाली, सर्वधर्म स्थळ. मराठी बोलायला मिळावं म्हणून मी सुट्टीच्या दिवशी शेजारच्या युनिटमधल्या एका कोल्हापूरच्या नर्सिंग असिस्टंटकडं जायचो. त्याला सर्दीचं निमित्त सांगायचो.

आणि गाडी. आप्पांना वाटतं गाडी म्हणजे आराम. पण गाडी घोड्यासारखीच, तिची चाकरी करावी लागते. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस घोड्यांमागं एक हवालदार, आणि त्या पंचविसांना एक पखाली आणि एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा सोबत नसेल तर घोडदळ म्हणजे नुसती मिरवणूक, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाला कळलं होतं. पायदळाची परेड संपली की शिपाई बूट सोडतो. आमची परेड संपली की गाडीची सुरू व्हायची. फिल्टर, पट्टे, बॅटरी, टायर, वायरलेस सेट, जरीकॅन. घोडे गेले तरी नियम तोच राहिला: आधी जनावराला पाणी, मग माणसाला. रणगाड्याच्या पोरांचे हाल आमच्याहून वाईट. राजस्थानात मे महिन्यात पत्र्यावर हात ठेवला की कातडी सोडून हात काढावा लागतो, आणि आत माणसं बसलेली असतात.

रेकी काय असते ते मला खऱ्या अर्थानं ऑपरेशन पराक्रममध्ये कळलं. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर सगळी फौज सीमेवर गेली. ती परत फिरायला २००२ चा ऑक्टोबर उजाडला. युद्ध झालं नाही. लोकांच्या लेखी म्हणून त्या दहा महिन्यांत काहीच झालं नाही. सुरुंग पेरताना आणि काढताना जी माणसं गेली त्यांच्या घरच्यांना विचारा काय झालं ते.

आमचं काम होतं वाट शोधणं. चाळीस टनांहून जड रणगाडा वाळवंटात सगळीकडं जाऊ शकतो असं नकाशावर वाटतं. प्रत्यक्षात एक धोरा, म्हणजे वाळूची टेकडी, त्याला तोलतो आणि शेजारचा, दिसायला तसाच, त्याला पोटापर्यंत गिळतो. ज्या टेकाडावर फोग आणि खिंपाची झुडपं धरलेली असतात तिथली वाळू मुळांनी बांधलेली असते. उघडी, ताजी, सुरकुत्या पडलेली वाळू म्हणजे वाऱ्यानं नुकतीच आणून टाकलेली. पहाटेची ओली वाळू भार घेते आणि तीच वाट दुपारी सुटते. हे मला कुठल्या क्लासमध्ये कुणी शिकवलं नाही. एका राईका मेंढपाळानं शिकवलं. त्याला हिंदी बेताची आणि मला मारवाडी शून्य. तो काठीनं वाळू टोचून दाखवायचा आणि मान हलवायचा, हो किंवा नाही. मी खानापूर तालुक्यातल्या कोरडवाहू घरचा. नांगरटीच्या आधी ढेकूळ चुरडून ओल बघायची सवय लहानपणापासून हाताला. त्या माणसाची आणि माझी ओळख भाषेवाचून झाली. मागाहून आमच्या रणगाड्यांनी जे रस्ते धरले त्यातला एक सबंध त्याच्या काठीचा होता. नकाशावर त्यावर आमच्या रेजिमेंटचा शिक्का पडला.

दिवस असा जायचा. दोन गाड्या, मोजकी माणसं. गाडी नेहमी घराकडं तोंड करून लावायची, म्हणजे पळायची वेळ आली तर वळवत बसायला नको. चाकांच्या खुणा खेजडीच्या फांदीनं पुसायच्या. चूल नाही, धूर नाही. पोटाला शक्करपारे, गार पुऱ्या आणि कोमट पाणी. दुर्बिणीला डोळा लावून एक जण बघणार, दुसरा लिहिणार, आणि थोड्या वेळानं अदलाबदल, कारण डोळा थकला की तो दिसेल ते सांगत नाही, हवं ते सांगतो. सीमा पश्चिमेला. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, तेव्हा समोरचं स्वच्छ दिसतं. दुपारी जमिनीवरून वाफ हलायला लागली की उंटसुद्धा ट्रकसारखा दिसतो, अंतराचा अंदाज सुटतो. आणि संध्याकाळी सूर्य थेट आपल्या डोळ्यांत. त्या वेळी समोरच्याला आपण दिसतो, आपल्याला तो नाही, आणि दुर्बिणीची काच चमकली तर आपणच त्याला आपला पत्ता दिला. काचेवर जाळी बांधायची ती यासाठी.

रात्र कानांची. डोळ्याला अंधार सरावायला अर्धा तास लागतो आणि एका काडीच्या उजेडात तो अर्धा तास वाया जातो. बिडीवाल्यांचे हाल व्हायचे. वारा पश्चिमेचा असला की पलीकडचे आवाज यायचे. ट्रॅक्टर, डिझेलचा पंप, जनरेटर, ट्रक, रणगाडा. डिझेलचं इंजिन दुरून सगळं एकच वाटतं. फरक लागतो तो साखळीच्या किरकिरीत आणि आवाज थांबतो कसा त्यात. ट्रॅक्टर शेताच्या टोकाला जाऊन वळतो, त्याचा आवाज ठरल्या वेळानं चढतो आणि उतरतो. रणगाडे उभे राहतात तेव्हा एकामागोमाग एक गप्प होतात.

आता सांगतो ते पायदळाच्या माणसाला पटवायला मला सगळ्यात जड जातं. रेकीत कसोटी लागते ती तोंडाची. मागं कर्नलसाहेब वाट बघत असतात, त्यांच्यामागं ब्रिगेड. सेटवर विचारणा होते, ‘काय दिसतंय?’ आणि तुम्हाला काहीच दिसत नसतं. त्या क्षणी माणसाला काहीतरी सांगावंसं वाटतं. रिकाम्या हातानं उभं राहणं सैनिकाला आवडत नाही. ‘बहुतेक दोन गाड्या आहेत साहेब,’ हे वाक्य जिभेवर येतं. जो ते गिळतो तो रेकीचा माणूस. ‘दिसलं नाही’ आणि ‘तिथं काही नाही’ या दोन गोष्टींत एका स्क्वाड्रनच्या जिवाएवढं अंतर आहे, आणि ते अंतर विशीतल्या एका सवाराच्या खरेपणावर उभं असतं. आमच्या ट्रूपमध्ये एक तमिळ पोरगा होता, नेमबाजीत सामान्य, पळण्यात शेवटचा. तो ‘पता नहीं साब’ इतक्या शांतपणे म्हणायचा की नवीन आलेले साहेब चिडायचे. जुने साहेब मात्र अवघड ठिकाणी त्यालाच मागून घ्यायचे.

इन्फंट्रीत हे काम होत नाही असं मी म्हणत नाही. प्रत्येक बटालियनमध्ये घातक प्लाटून असते, पेट्रोलिंग तर रोजचं. उलट मला सगळ्यात आवडणारी टेहळणीची गोष्ट पायदळाचीच आहे. लोंगेवाला. ‘बॉर्डर’ सिनेमा १९९७ चा, अजून टीव्हीवर लागतो, अजून पोरं संवाद म्हणतात. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ मधली रात्र, २३ पंजाबची एक कंपनी, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, आणि समोर चाळीसच्या वर पाकिस्तानी रणगाडे. हे सगळ्यांना पाठ. पण त्या रात्री सीमेजवळ सेकंड लेफ्टनंट धरमवीर एक छोटी गस्त घेऊन बसले होते. त्यांनी अंधारात इंजिनांची घरघर ऐकली, ती रणगाड्यांची आहे हे ओळखलं आणि मागं कळवलं. रणगाडे त्यांना मागं टाकून पुढं जात होते आणि ते खबर देत होते. चौकीला तयारीचा वेळ मिळाला तो तिथून. सिनेमात या अधिकाऱ्याला लढता लढता मरताना दाखवलंय. खरे धरमवीर जिवंत राहिले आणि कर्नल म्हणून निवृत्त झाले. म्हणजे नुसतं ऐकून कळवणं सिनेमावाल्यांना पुरेसं वाटलं नाही. त्याला हौतात्म्याची जोड द्यावी लागली.

आणि त्याच रात्री पलीकडच्या बाजूला टेहळणीच नव्हती. पाकिस्तानी रणगाडे अनोळखी वाळूत रुतले. साध्या काटेरी तारेला सुरुंगांची हद्द समजून ते थांबून राहिले. कुणी पुढं जाऊन बघायला हवं होतं. उजाडलं, जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि पुढं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी सहा वर्षं, सप्टेंबर १९६५ मध्ये, असल उत्तरलाही पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या शेतांत आणि उंच उसात असेच फसले होते. पाकिस्तानचे सगळे मिळून ९० हून अधिक रणगाडे गेले. तिथलं अब्दुल हमीद यांचं शौर्य आपण शिकवतो आणि शिकवायलाच हवं. पण त्या चिखलाचा धडाही त्याच पानावर असायला हवा होता: रणगाड्याचा पहिला शत्रू जमीन असते, आणि तिची खबर काढायला माणूस पाठवावा लागतो.

मराठी माणसाला याचं वेगळं उदाहरण द्यायची गरज नाही, पण देतो. पानिपतावर आपण किती बोलतो. गारदी, विश्वासरावांना लागलेली गोळी, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, होळकर निघून गेले. १७६० च्या ऑक्टोबरात मराठी फौज कुंजपुऱ्याला विजयात होती आणि महिना संपता संपता अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली. पुराचं पाणी पुरतं ओसरलेलं नव्हतं, एवढी मोठी फौज, तिला पार व्हायला वेळ लागला असणार. आणि ती दिल्लीच्या बाजूला आपल्या पाठीशी येऊन उभी राहिली. मी इतिहासकार नाही. पण रेकीचा माणूस म्हणून मला १४ जानेवारीच्या आधी बागपतचा उतार दिसतो. तिथं आपले किती स्वार होते, त्यांनी काय पाहिलं, काय कळवलं? गावोगावी पानिपतावर व्याख्यानं ऐकली, हा प्रश्न मला कुणी विचारलेला आठवत नाही.

आमच्या तालुक्याच्या सरहद्दीवर बाणूरगड आहे. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांची समाधी तिथं असल्याचं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. महाराज सुरतेवर जाण्याआधी तिथल्या संपत्तीची बातमी बहिर्जीनं आणली असं बखर सांगते. एवढी मोठी मोहीम एका माणसाच्या बघण्यावर बेतलेली. आता गडावर वर्दळ वाढलीय, कादंबऱ्या निघाल्या, सिनेमात बहिर्जी दिसायला लागला, ही चांगलीच गोष्ट. पण सिनेमात तोही सोंगं बदलतो आणि शेवटी तलवार काढतोच. नुसता बघतोय, मोजतोय, लक्षात ठेवतोय, असा बहिर्जी अजून कुणी रंगवलेला नाही. तिकीट कोण काढणार?

पोरं म्हणतात, ‘साहेब, आता ड्रोन आहे. माणूस कशाला मरायला पाठवायचा?’ हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेच्या सैन्यात घोडदळाचा स्काऊट ही इन्फंट्रीहून वेगळी नोकरीच आहे. भरती होतानाच पोरगा ती निवडतो, जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला शिकतो, डोक्यावर रुंद काठाची जुनी स्टेटसन टोपी आणि बुटाच्या टाचेला आरा मिरवतो. त्यांच्याकडंही हाच वाद रंगतो. ब्रॅडली गाडी एकच, पण पायदळाच्या ब्रॅडलीतून सहा-सात जण उतरतात आणि स्काऊटच्या ब्रॅडलीतून दोन. म्हणजे बघायला गेलेल्याला आपल्यामागं माणसं कमी आहेत हे धरूनच चालावं लागतं. त्याच अमेरिकेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की देशात असलेल्या इन्फंट्री आणि स्ट्रायकर ब्रिगेडमधल्या घोडदळाच्या स्क्वाड्रन बंद करायच्या. आपल्याकडं २६ जुलै २०२५ ला द्रासमध्ये लष्करप्रमुखांनी प्रत्येक इन्फंट्री बटालियनला ड्रोन प्लाटून आणि ‘भैरव’ नावाच्या हलक्या कमांडो बटालियनची घोषणा केली. जग कुठल्या दिशेला चाललंय हे स्पष्ट आहे.

ड्रोन चांगलाच. आमच्या वेळी असता तर आम्ही ज्या धोऱ्यांवर रात्री पोटावर सरकत गेलो त्यातल्या निम्म्यांवर जावं लागलं नसतं. युक्रेनमध्ये ड्रोननं लपणं किती अवघड करून ठेवलंय ते आपण रोज पाहतो. आमच्या उघड्या जिप्सी गाड्या तिथं तासभरही टिकल्या नसत्या. पण वरून बघणाऱ्याला वाळूची ओल कळत नाही. त्याला मेंढपाळ भेटत नाही. फुगवलेला रबरी रणगाडा आणि खरा रणगाडा यांत तो फसतो, आणि रेडिओ जॅम झाला की आंधळा होतो. शिवाय पडद्यासमोर बसलेलाही शेवटी माणूसच. त्यालाही मागून विचारणा होणार, ‘काय दिसतंय?’ आणि त्याच्याही जिभेवर ‘बहुतेक’ येणार. यंत्र बदललं तरी त्या खुर्चीत कोण बसवायचा हा प्रश्न जसाच्या तसा राहतो. अमेरिकेनं आपल्या स्क्वाड्रन मोडल्या तो त्यांचा हिशेब. आपल्याला वाळवंट आहे, नद्या-कालव्यांचा पंजाब आहे, लडाखची पठारं आहेत, आणि मोजकी यंत्रं आहेत. आपण बघणारा माणूस मोडीत काढू नये असं माझं मत आहे. त्याच्या हातात ड्रोन द्यावा.

निवृत्तीनंतरचंही सांगतो, कारण आप्पा इथं मला हरवतात. पायदळाच्या माणसाला सिक्युरिटीची नोकरी मिळते. रणगाड्याचा ड्रायव्हर किंवा मेकॅनिक गॅरेज टाकतो. आमच्याकडची कितीतरी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पसरलेली आहेत, त्यांच्याकडंही हिशेबाचा, राखणीचा माणूस खपतो. मला एका ठिकाणी मुलाखतीत विचारलं, ‘तुमचं स्किल काय?’ मी म्हणालो, ‘बघतो.’ ते हसले. मीही हसलो. नोकरी मिळाली नाही.

आता मुद्द्यावर येतो. अग्निपथ योजनेतली लष्कराची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली. तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकी घरी. योजना बरी की वाईट यावर पेपरात पुष्कळ छापून आलंय, त्यात मी भर घालत नाही. मला काळजी त्या २५ टक्क्यांची आहे. धावण्याला सेकंद आहेत, नेमबाजीला टारगेटवरची भोकं आहेत, ड्रिल डोळ्याला दिसतं. या सगळ्याला गुण देता येतात आणि ते द्यायलाच हवेत; पायदळ त्याच्यावर उभं आहे. पण आमचा तो तमिळ पोरगा या मापात बसला नसता. चार वर्षांतले सहा महिने प्रशिक्षणात जातात. रेकीचा माणूस तयार व्हायला त्यानंतर दोन-तीन उन्हाळे आणि तितकेच हिवाळे एकाच इलाख्यात काढावे लागतात. तो नुकता बघायला शिकलेला असेल आणि त्याच वेळी यादी लागेल. यादीत तो नसला तर पुढचा पोरगा पहिल्यापासून वाळू ओळखायला लागणार. युद्धाला तेवढी सवड नसते.

म्हणून ज्यांच्या हातात ही निवड आहे त्या अधिकाऱ्यांना एका निवृत्त नायब रिसालदाराची विनंती आहे. गुण द्या, घड्याळ लावा, पण प्रत्येक ट्रूप लीडरला, प्रत्येक प्लाटूनच्या सुभेदाराला एक प्रश्न लेखी विचारा: रात्री एकट्याला पुढं पाठवायचं झालं, तर कुणाच्या बातमीवर तुम्ही आपली माणसं हलवाल? जे नाव येईल ते पोरगं सोळाशे मीटरला शेवटचं आलेलं असलं तरी ठेवून घ्या. आणि भरतीला निघालेल्या पोरांच्या आई-बापांनो, तुमचा मुलगा सुट्टीवर येऊन ‘मी फक्त बघतो’ असं म्हणाला, तर त्याला ‘मग लढतो कोण?’ असं विचारू नका.